हिरवा शेरा

आमच्या घरात नापास झालेली मी एकटीच. दादा कायम पहिल्या नंबरात, वहिनी त्याच्याहून काकणभर सरस, आणि मी गणितात दोनदा आपटी खाल्लेली. दादा मला लहानपणापासून 'ढ' म्हणतो. पुढेमागे काही नाही, नुसतं ढ. नवरा गेल्यावर बॅग घेऊन या घरी आले, तेव्हा त्याने दार उघडलं, मला पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "ये ढ. शेवटचा बाक तुझाच आहे."

बाक खरोखरचेच होते. पुढच्या खोलीत दोघांचा क्लास चालायचा. भिंतीवर काळा फळा, समोर लाकडी बाकांच्या रांगा, आणि खडूची धूळ अशी की सकाळी पुसलेली खिडकी दुपारी पुन्हा पांढरी. दादा भूमिती शिकवायचा, वहिनी बीजगणित. दादा फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढायचा, एका दमात. पोरं उठून दोरी लावून मोजायची आणि हात टेकायची. वहिनींची ख्याती वेगळी. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर नापास झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. जे कच्चं असेल त्याला त्या क्लास सुटल्यावर थांबवून घ्यायच्या आणि सराव पेपरांवर सराव पेपर सोडवून घेऊन असं घोटून काढायच्या, की शेवटी बिचाऱ्याला नापास व्हायची सोयच उरायची नाही. मी त्यांच्या तावडीत कधी सापडले नाही, नाहीतर मीसुद्धा पास झाले असते.

मग एका वर्षी दादाचं वर्तुळ जुळेना. खडू निघाला तिथे परतायचाच नाही, थोडा आतच वळायचा. आधी खडू बदलले, मग फळ्याला नवा रंग दिला. शेवटी हात मांडीवर नुसता ठेवला तरी अंगठा आणि बोट आपले आपणच काहीतरी वळत बसायला लागले, तेव्हा डॉक्टरकडे गेलो. पार्किन्सन निघाला. क्लास बंद झाला. बाक विकायचं मात्र कोणी नाव काढलं नाही.

पहिली काही वर्षं गोळ्यांवर निभली. गोळी चढली की दादा आपला दादा असायचा, पेपर वाचायचा, माझी टर उडवायचा. गोळी उतरली की चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं व्हायचं आणि तो खुर्चीत तसाच बसून राहायचा. दिवसाचे असे तुकडे पाडून आम्ही जगायला शिकलो.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. एका भेटीत त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, "हे बघा, पुढे यांचं ऑपरेशन करावं लागेल. मेंदूत बारीक तारा बसवतात. हात पुष्कळ सुधारतो, माणूस पुन्हा स्वतःचं स्वतः करू लागतो. पण त्याची एक वेळ असते. गोळ्या पुरेनाशा झाल्या की करायचं, आणि तोल जायच्या आत, डोक्यात गोंधळ सुरू व्हायच्या आत करायचं. ती वेळ हुकली, की मग माझ्या हातात काही राहत नाही."

"आणि ती वेळ आली हे कळायचं कसं?" वहिनींनी विचारलं.

"त्यासाठीच हे आहे," असं म्हणून त्यांनी टेबलावर एक काळा पट्टा ठेवला. घड्याळासारखा, पण काटे नाहीत.

पट्ट्याची माहिती द्यायला एक हसरी पोरगी आली. हजारो पेशंटांच्या हातांवरून हे मशीन शिकलंय, ती म्हणाली. रोगाची थरथर कोणती आणि कप उचलताना हाललेला हात कोणता, हे त्याला ओळखता येतं. कोण कुठल्या टप्प्यावर आहे हेही सांगतं. आता ते काकांचा हात शिकेल. पट्टा दिवसरात्र घालायचा. मोबाईल वाजला की चार छोट्या गोष्टी करायच्या: बोटं आपटायची, लांब 'आ' म्हणायचा, थोडं चालायचं आणि पडद्यावर बोटाने गोगलगाईच्या पाठीसारखं वेटोळं काढायचं. मग रंग दिसेल. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवायचं, आणि लाल आला की दवाखान्यातूनच फोन येईल.

पोरीने सगळं नीट समजावलं. आपण कुठल्या घरातल्या माणसांशी बोलतोय, हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

रिक्षात बसल्या बसल्या वहिनी म्हणाल्या, "अभ्यासक्रम तसा छोटाच आहे."

दुसऱ्या दिवशी फळा पुन्हा पुसला गेला. वहिनींनी त्यावर मोठ्ठं वेटोळं काढलं आणि दादाला ते गिरवायला लावलं. सकाळी वेटोळी, मग बोटं आपटणं, मग 'आ'. मी आतून ओरडायचे, "अहो, शेजारचे म्हणतील दात काढतायत!" दादा हसायचा आणि त्याचा 'आ' तुटायचा. वहिनी चिडायच्या. पुष्कळ दिवसांनी त्या खोलीत चिडचिड ऐकू येत होती आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

मोबाईल वाजला की पडद्यावर दोन बटणं यायची, 'आता' आणि 'नंतर'. वहिनींनी 'नंतर' शोधून काढलं आणि मग गोळी चढेपर्यंत दुसऱ्याला कधी हातच लावला नाही. आधी गोळी द्यायची, ती पुरती चढू द्यायची, दादाला शर्ट बदलून खुर्चीत ताठ बसवायचं, आणि मग परीक्षा. गोळी उतरायला लागली, बोटं वळायला लागली, की त्या पट्टा काढून चार्जिंगला लावायच्या. रात्री तर तो हमखास चार्जिंगलाच. इतकं चार्जिंग आमच्या घरात दुसऱ्या कशालाच लागत नव्हतं.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, ती पोरगी म्हणाली होती की सतत घालायचा."

"तयारी झाल्याशिवाय पोराला पेपरला बसवायचं हे मला नाही जमणार, वन्सं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून नाही व्हायचं."

वहिनींनी उभ्या आयुष्यात कोणाला कॉपी करू दिली नाही. त्यांच्या लेखी ही कॉपी नव्हतीच, ही तयारी होती. परीक्षा आली की माणसाने आपल्यातलं सगळ्यात चांगलं ते दाखवायचं, यापलीकडे परीक्षेचा काही उपयोग असू शकतो हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

आणि हिरवा यायचा. रोज हिरवा. दादा मोबाईल माझ्या नाकासमोर धरायचा. "बघ ढ, डिस्टिंक्शन!" हिरवा आला की तो दोन घास जास्त खायचा. रोग लागल्यापासून लोक त्याची कीव करत होते, ती त्याला खुपायची. आता कुणीतरी त्याला शाबासकी देत होतं, मग ते मशीन का असेना. त्या आनंदावर पाणी ओतायची माझी छाती झाली नाही.

दवाखान्यात जायच्या दिवशी वहिनी गोळीची वेळ अशी जुळवायच्या की बरोब्बर आत शिरताना ती चढलेली असे. डॉक्टरीणबाई स्क्रीनकडे बघायच्या, दादाकडे बघायच्या आणि खूश व्हायच्या. "तुमचा आलेख बघितला की माझाच दिवस चांगला जातो. ऑपरेशनचं नावही काढायला नको अजून. आता वर्षाने आलात तरी चालेल."

बाहेर पडल्यावर वहिनींनी आम्हा दोघांना आईस्क्रीम खाऊ घातलं. एखादं पोर बोर्डात आल्यावर खाऊ घालायच्या तसं.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. दादाचे पाय दारात अडकायला लागले. खोलीत चालता चालता उंबऱ्यापाशी आला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, वरचं अंग पुढे जायचं आणि पाय मागेच. एकदा कपाटावर आपटला, कपाळाला खोक पडली. एकदा न्हाणीघराच्या दारात मागच्या मागे गेला. गोळीचा चांगला वेळ आखडत चालला होता. आधी ती अर्धा दिवस पुरायची, मग सिनेमाभर, मग जेमतेम एका जेवणापुरती. वहिनी तेवढ्यात परीक्षा उरकून घ्यायच्या.

मग संध्याकाळी पोरं यायला लागली.

पहिल्यांदा मी दिवा लावायला पुढच्या खोलीत गेले तर दादा रिकाम्या बाकांकडे बघून म्हणत होता, "शांत बसा रे. बाई आत आहेत." मला वाटलं थट्टा करतोय. मी हसले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ढ, ती खिडकीजवळची मुलगी मघापासून रडतेय. तिला जरा पाणी दे." त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी ग्लास आणला आणि खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावर ठेवला. दादाचं समाधान झालं.

रात्री वहिनींना सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "गोळ्यांनी होतं तसं कधीकधी."

"डॉक्टरांना फोन करू या का?"

"काही वाईट असतं तर त्यांचाच आला असता की. रोज हिरवा येतोय ना?"

मलाही वाटलं, एवढं मशीन मनगटावर आहे, त्याला दिसत असेलच. डॉक्टरीणबाईंना वाटत होतं, काही झालं तर घरचे सांगतील. आणि वहिनींचं काय सांगावं! ज्या बाईने स्वतःच्या हाताने तो हिरवा रंग जुळवून आणला होता, तिलाच तो बघून धीर यायचा. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला होता.

त्यानंतर वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. काही गुंतागुंत झाली म्हणून डोळ्याला पट्टी आणि आठवडाभर पडून राहायची ताकीद मिळाली. दादा आला माझ्या गळ्यात. वहिनी आतल्या खोलीतून हुकूम सोडायच्या. "वन्सं, गोळी उतरत आली असेल. पट्टा काढलात का?"

"हो हो, काढला."

कसला काढतेय! एकीकडे दूध उतू जातंय, दुसरीकडे दादा संडासच्या दारात अडकून उभा आहे, तिसरीकडे मोबाईल वाजतोय. मी वरचं जे बटण दिसेल ते दाबायचे, आणि वर होतं 'आता'. दादा बिचारा जमेल तसं बोट फिरवायचा, आणि रंग दिसायच्या आत मी मोबाईल उचलून कामाला पळायचे. रात्री पट्टा काढायचाही मला कंटाळा. तो तसाच झोपायचा आणि पट्टा त्याच्याबरोबर रात्रभर हालत राहायचा. मी काही शहाणपणा करत होते असं मुळीच नाही. मी नेहमीसारखी गबाळेपणा करत होते.

मग त्या हसऱ्या पोरीचा फोन आला. या वेळी ती हसत नव्हती.

"मावशी, एक विचारू का? रागावू नका. काकांचा पट्टा दुसऱ्या कोणाला घातलाय का? घरात आणखी कोणी पेशंट आहेत का?"

"नाही गं. का?"

"मशीन म्हणतंय, हा हात काकांचा नाही. काकांचा हात त्याला चांगला ओळखीचा आहे. हा दुसराच कोणीतरी आहे, खूप पुढच्या टप्प्यावरचा."

मी मान वर केली. दादा स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभा होता. तोंड किंचित उघडं, नजर जमिनीवर, एक पाय उचलायचा म्हणून जीव खाऊन प्रयत्न चाललेला. चौकटीवर त्याचा हात टकटक वाजत होता.

"अगं, त्याचाच हात आहे," मी म्हटलं. "तुमच्या मशीनला हा आम्ही कधी दाखवलाच नव्हता."

त्यांनी ताबडतोब बोलावलं, आणि सकाळची गोळी न देता आणा म्हणून बजावलं. दादाला चाकांच्या खुर्चीवरून न्यावं लागलं. वहिनी काळा चष्मा लावून मागून भिंत धरत आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्याला उभं केलं, मागे उभ्या राहिल्या आणि खांद्याला हलकेच मागे ओढलं. तो लाकडासारखा त्यांच्या अंगावर आला. मग गोळी दिली, थांबलो, पुन्हा सगळं केलं. हात सुधारला, तोल नाही. त्यांनी त्याला वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. भूमितीचा मास्तर दोन महिने म्हणून थांबला आणि दाराकडे बघत राहिला.

"काय झालं, काका?"

"पोरं बाहेर उभी आहेत," दादा म्हणाला. "त्यांना आत घ्या. ऊन आहे."

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. हिरव्याच हिरव्या रेघा होत्या आणि मधे मधे पांढऱ्या फटी. "हे पांढरं काय आहे?"

"चार्जिंग," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी काळा चष्मा काढला. सुजलेल्या डोळ्याने त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. "नाही. खोटं कशाला बोलू. वाईट वेळ असायची ती. मी काढून ठेवायची." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. वेटोळ्यांचा सराव, 'नंतर'चं बटण, गोळीची वेळ, संध्याकाळची पोरं. एकही गोष्ट वगळली नाही. प्रामाणिक बाई होती हो. हाच तर सगळा घोळ होता.

डॉक्टरीणबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चूक आमचीही आहे. फटी आम्ही विचारायला हव्या होत्या. हिरवं दिसलं की आम्ही पुढच्या पेशंटकडे वळतो." त्यांनी स्क्रीन पुन्हा आपल्याकडे वळवली. "गेल्या वर्षी मी यांना डोळे मिटून ऑपरेशनला घेतलं असतं. आता तारा बसवल्या तर डोक्यातला गोंधळ वाढेल, आणि तोल काही परत येणार नाही. आता नाही करता येणार."

मग वहिनी म्हणाल्या, "फेरपरीक्षा असेल ना काहीतरी? मी यांची चांगली तयारी..." आणि आपण काय बोलतोय हे त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी तोंडावर पदर धरला.

मला त्यांचा इतका राग आला होता, की घरी जाताना शब्दही बोलायचा नाही असं मी ठरवलं होतं. माझा भाऊ होता तो. त्याचं एक वर्ष होतं, ते यांनी हिरव्या रंगात बुडवलं. पण त्या वाक्यानंतर रागावू कशी? मी त्यांचा हात हातात घेतला.

पट्टा दवाखान्याने परत मागितला नाही. असू द्या, म्हणाले, निदान गोळ्या जुळवायला उपयोग होईल.

चार दिवसांनी दुपारी मी शेवटच्या बाकावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. दादा फळ्याजवळच्या खुर्चीत होता. मोबाईल वाजला. वहिनींनी उचलला, दोन्ही बटणांकडे बराच वेळ बघितलं. गोळी उतरून गेली होती. दादाला ते कळलं असावं, सवयीने त्याने हात पुढे केला. "गोळी?"

"नको," वहिनी म्हणाल्या. "आत्ता आहे तसंच काढा."

दादाने बोट टेकवलं. वेटोळं सुरू झालं, दुसऱ्या फेऱ्यालाच आतल्या आत चुरगळलं आणि एका जागी घुटमळत राहिलं. पडदा लाल झाला. तो लाल दादाने पहिल्यांदाच पाहिला. पोरांच्या वह्यांवर जन्मभर लाल शाईने लिहिलेला माणूस. तो नुसता बघत बसला. वहिनींनी मोबाईल त्याच्या हातून काढून घेतला, फळ्याकडे तोंड केलं आणि डस्टर उचलून फळा पुसायला लागल्या. फळ्यावर काहीही नव्हतं.

दादा उठला. मी धरायला धावले नाही, का कोण जाणे. एकेका बाकाला हात टेकत तो मागे आला, अगदी माझ्यापर्यंत.

"सरक ढ."

बाकावर पुष्कळ जागा होती. तरी मी कपडे मांडीवर घेऊन भिंतीपर्यंत सरकले. तो बसला. श्वास लागला होता. बराच वेळ तो वहिनींच्या हालणाऱ्या खांद्यांकडे बघत होता. मग माझ्या कानाशी तोंड आणून, बाकीच्या पोरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "बाई रडतायत. कोण नापास झालं गं?"

"मी," मी म्हटलं.

"परत?" दादा म्हणाला, आणि त्याचा हालणारा हात त्याने माझ्या डोक्यावर ठेवला.